बुधवारची स्लाइड

सुरेखाताई, परवा लॅबमध्ये तुझा फोटो लावला. मुलुंडच्या आपल्या त्या दोन खोल्यांत मोकळी भिंतच नाही, म्हणून सेंट्रिफ्यूज मशीनच्या वर लावलाय. डॉक्टर म्हणाले, "राहुल, अकरा वर्षं तू तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलास. दोन शब्द तू बोल." मी म्हणालो, घसा बसलाय. घसा बसला नव्हता. बोलायला लागलो असतो तर दोन शब्दांवर थांबलो नसतो, आणि जे बोललो असतो ते सगळ्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय. लिहितानाही धड बसवत नाही. चार ओळी झाल्या की उठतो, खिडकीशी जातो, परत येतो.

तुला गेलेली समजून काही लिहिता येत नाही मला. तू कुठे जन्मलीस, किती शिकलीस, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं. होतं ते खरंच, पण ऐकताना वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. स्लाइड उजेडाकडे धरून एक डोळा मिटणारी, दुपारी डब्यातली सोलकढी जबरदस्तीने पाजणारी, माझं इंग्रजी स्पेलिंग चुकलं की "मेल्या" म्हणणारी बाई त्यात कुठेच नव्हती.

मी मानखुर्दहून पहिल्या दिवशी आलो तेव्हा कोर्सचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं होतं. तू ते उघडलंही नाहीस. एक स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवलीस आणि म्हणालीस, "काय दिसतं?"

"न्यूट्रोफिल, पांढरी पेशी," मी म्हणालो.

"ते पुस्तकात दिसतं. इथे काय दिसतं?"

मी बघत राहिलो. मला जांभळे ठिपके दिसत होते. मग तू शेजारी बसून दाखवलंस. ह्या पेशीत दाणे जास्त जाड झालेत. हिच्या पोटात भोकं पडल्यासारखी दिसतात. हिचं केंद्रक अजून वाकडं, अखंड आहे, तुकडे पडलेले नाहीत, म्हणजे ही कोवळी आहे, वेळ व्हायच्या आधी बाहेर पाठवलेली. "ह्या माणसाच्या अंगात कुठेतरी मोठी गडबड चालू आहे," तू म्हणालीस. "तो बाहेर बाकड्यावर बसून पेपर वाचत असेल. त्याला अजून माहीत नाही. आपल्याला माहिती आहे."

मी म्हणालो, हे सैनिक आहेत, बरोबर ना? आम्हाला शाळेत तसंच शिकवलं होतं. तू वैतागलीस. "सैनिक बिनिक काही नाही. ह्यांना कुणी हुकूम देत नाही. जंतूच्या अंगावर काही खुणा असतात, आपल्या अंगात नसतात तशा. त्या सापडल्या की कातडीखालच्या पेशी रसायन सोडतात, आणि ह्या त्या दिशेने सरकत जातात. जिथे पोचतात तिथे गिळतात आणि बहुतेक तिथेच मरतात. पू म्हणजे काय ते. जन्माला येताना घेऊन आलेली सोय आहे ही. कुणी शिकवायला लागत नाही." मग म्हणालीस, "तुला मात्र शिकवायला लागणार."

मी तुला 'तुम्ही' म्हणायचो. 'तू' झालं ते मैत्रेयीच्या वेळी, आणि ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझी मुलगी मैत्रेयी तेव्हा नऊ दिवसांची होती. दूध ओढत नव्हती, बाकी काही नाही. ताप नव्हता. घराजवळच्या डॉक्टरने रक्त तपासा म्हटलं आणि मी ते आपल्याकडेच आणलं. मशीनने पांढऱ्या पेशींचा काउंट नॉर्मल दाखवला. मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा. तू स्लाइड केलीस, रंगवलीस, वाळायची वाट बघितलीस आणि डोळा लावलास. दोन मिनिटांनी उठलीस ती माझी बॅग माझ्या हातात देत. "आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलला. रिपोर्टची वाट बघू नको. सगळ्या कोवळ्या आहेत. काउंट नॉर्मल नाहीये, पेशी संपत चालल्यात, वरून खाली येताना मधे दिसलाय." मी म्हणालो, "ताई, तू चल माझ्याबरोबर." तोंडातून 'तू' निघून गेलं आणि मग तेच राहिलं. मैत्रेयी आता पहिलीत आहे.

म्हणजे नॉर्मल काउंट फसवा असू शकतो हे मला माहीत होतं. तेच लिहायचंय मला, ताई. हे मला माहीत नव्हतं असं मला कुणापुढे म्हणता येणार नाही.

आणि तरी आपण त्यावरूनच भांडायचो. नवीन मशीन आलं तेव्हापासून मी म्हणायचो, ते एका मिनिटात हजारो पेशी मोजतं, तू शंभर मोजतेस, कोण बरोबर? तू म्हणायचीस, मोजणं आणि बघणं वेगळं. मी म्हणायचो, सकाळच्या गर्दीत प्रत्येक शंका असलेली स्लाइड बघत बसलो तर रिपोर्ट संध्याकाळी जातील. तू म्हणायचीस, "जाऊ देत. मेल्या, डोळे कित्याक दिल्यान देवान?" मी म्हणायचो, देवाचं मला नको सांगू. मग तू हसायचीस आणि म्हणायचीस, बरं, आईने दिलेत ना? तिच्यासाठी बघ.

दुसरं भांडण अर्धवटच राहिलं. तू शिकवलं होतंस की ह्या पहिल्या धावणाऱ्या पेशींना आठवण नसते. आठवण ठेवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या उशिरा येतात. ह्यांना प्रत्येक वेळ पहिलीच. मी मोबाइलवर वाचलं की तसं अगदीच नाही, ह्यांच्यातही काही महिने कसली तरी खूण राहते, पुढच्या वेळी त्या जास्त जोरात उठतात. तू म्हणालीस, मोबाइलवरचं नको, कागदावर आण, वाचून सांगते. मी प्रिंट काढली. ती अजून बॅगेत आहे. टाकून द्यायला काढतो आणि परत ठेवतो.

त्या रविवारी तू कांजूरच्या बाजारातून शिंगाळा मासा आणलास. साफ करताना त्याचा काटा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. सोमवारी तू कामावर आलीस तेव्हा अंगठा लाल होता आणि तू खुशीत होतीस. खरंच खुशीत होतीस, आता आठवलं की राग येतो. तू निळ्या पेनाने लालीच्या कडेने रेघ मारली होतीस.

"बघ राहुल्या, लाल, गरम, सूज, दुखणं. चारही आले. पुस्तकात असतं तसं. आतल्या नळ्या रुंद झाल्या म्हणून लाल आणि गरम. त्या पाझरायला लागल्या म्हणून सूज. त्या पाझरल्याशिवाय पेशी बाहेर पडणार कशा? लोकांना वाटतं सूज म्हणजे रोग. सूज म्हणजे काम चालू आहे."

मी म्हणालो, "काम चालू आहे ते ठीक, पण तुला शुगर आहे. शुगरवाल्यांच्या ह्या पेशी सुस्त असतात हे तूच सांगतेस. डॉक्टरला दाखव."

"शुगर कंट्रोलमध्ये आहे," तू म्हणालीस आणि गोड चहा प्यायलीस.

दुपारी लाली निळ्या रेघेच्या बाहेर गेली होती. तू दुसरी रेघ मारलीस. मंगळवारी ती मनगटावर आली. आपल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, उद्या उतरलं नाही तर ॲडमिट व्हायचं. मी तुझं रक्त घेतलं. काउंट अठरा हजार. स्लाइड आपण दोघांनी बघितली, आधी तू, मग मी. जाड दाणे होते, काही कोवळ्या होत्या, पण पक्व पेशी भरपूर होत्या. "अजून माल आहे," तू म्हणालीस. "मगज देतोय." हाडांतल्या मगजाबद्दल तू असं बोलायचीस जसं कुणी आपल्या कामसू भावाबद्दल बोलावं.

बुधवारी तू आली नाहीस. ताप चढला होता. सकाळी साडेआठला मी कांजूरला तुझ्या घरी येऊन डाव्या हातातून रक्त घेतलं. उजवा कोपरापर्यंत सुजला होता. तुझी लेक मानसी दारात उभी होती, पर्स खांद्याला लावून. तिने घाटकोपरच्या त्या दातांच्या दवाखान्यातून रजा घेतली होती, तुला हॉस्पिटलला न्यायला. तू म्हणालीस, "काउंट कळू दे, मग ठरवू." आणि मी जिना उतरत असताना वरून ओरडलीस, "राहुल्या, स्लाइड तू बघ. मशीनवर सोडू नको."

"हो गं," मी म्हणालो.

लॅबमध्ये आलो तर बाहेर बाकड्यावर जागा नव्हती. एक बाई उपाशीपोटी चक्कर येऊन बसली होती, एकाला रिपोर्ट ताबडतोब हवा होता. मी तुझी ट्यूब मशीनला लावली. आकडा आला सात हजार चारशे. स्क्रीनच्या कोपऱ्यात शंकेची खूण होती, स्लाइड बघा सांगणारी. मी ती बघितली. बघितली नव्हती असं नाही. पण मला आकडाच हवा होता, ताई. काल अठरा, आज सात, मला वाटलं गोळ्या लागू पडल्या. तुझ्या रक्ताचा थेंब काचेवर ओढून ती स्लाइड न रंगवताच रॅकमध्ये ठेवली, बाकीच्यांबरोबर, आणि तुला मेसेज केला: "७४००. झकास ताई, उतरले."

सव्वादहा झाले होते. तू लिहिलंस, "स्लाइड?" मी लिहिलं, "ओके आहे."

हे दोन शब्द. मी ते अजून पुसलेले नाहीत.

रॅकमधल्या स्लाइड्स रंगवून मी बघायला बसलो तेव्हा पावणेचार झाले होते. तुझी सातवी होती. नंबर न बघता डोळा लावला आणि आधी वाटलं, हा कुणाचा आहे, हा माणूस अजून घरी कसा? पक्व पेशी जवळजवळ नव्हत्याच. सगळ्या कोवळ्या, पोटात भोकं पडलेल्या, आणि त्यांच्याहून लहान, ज्यांनी मगज सोडून बाहेर यायचंच नसतं अशा. दोन पेशींच्या आत जंतू दिसत होते. काउंट उतरला नव्हता. संपत आला होता. मग मी नंबर बघितला.

तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मानसीला केला, ती घाटकोपरला होती. "आई बरी आहे ना? तूच तर सांगितलंस," ती म्हणाली. मी म्हणालो, ताबडतोब घरी ये. रिक्षावाल्याला काय सांगितलं आठवत नाही. भांडुपच्या सिग्नलला मी उतरून धावायला लागलो होतो, त्याने मला हाका मारून परत बसवलं. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. तू स्वयंपाकघरात फरशीवर बसली होतीस, भिंतीला टेकून. हातपाय गार. ताप नव्हता आता, उलट अंग थंड पडलं होतं. तू मला ओळखलंस, पण शब्द जड येत होते.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत सलाइन लावेपर्यंत मी तुझ्या डोक्याशी उभा होतो. बीपी सांगत होते आणि प्रत्येक वेळी आकडा खाली होता. तू डोळे उघडून विचारलंस, "स्लाइड बघितलीस ना?"

"बघितली," मी म्हणालो.

"काय दिसला?"

"कोवळ्या, ताई. सगळ्या कोवळ्या."

तू डोळे मिटलेस. "म्हणजे मगज रिकामो झालो," असं म्हणालीस, अगदी दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट सांगावा तसं. कधी बघितलीस, हे तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. मग त्यांनी तुला आत नेलं, नळी घातली, आणि त्यानंतर तू काही बोलली नाहीस. हात उघडून साफ केला. दोनदा. रविवारी सकाळी गेलीस.

आयसीयूच्या डॉक्टरांना मी विचारलं, सकाळी आणलं असतं तर? ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, "शुगर होती, जंतू वाईट होता. वाचली असती असं मी म्हणणार नाही, नसती वाचली असंही म्हणणार नाही. सहा तास कमी नसतात." जंतू ओळखणाऱ्या कल्चरचा रिपोर्ट तू गेल्यावर आला. खाऱ्या पाण्यातला जंतू. नाव वाचलं आणि पहिलं मनात आलं की हे ताईला दाखवलं पाहिजे.

तेव्हापासून मी सगळ्याच स्लाइड्स बघतो. मशीनने खूण टाकलेल्या आणि न टाकलेल्याही. रिपोर्ट उशिरा जातात, लोक काउंटरवर भांडतात, डॉक्टर दोनदा बोलले. मी ऐकून घेतो आणि पुढची स्लाइड लावतो. ह्यात काही मोठेपणा नाही. न बघता उठलो तर दारापर्यंतही पोचत नाही, परत येऊन बसतो. तू शिकवलंस ते मी आता करतोय, आणि ते असं करायला लागावं ह्याचा संताप येतो. तुझ्यावरही येतो. गोड चहा, निळी रेघ, मला धडा शिकवत बसलीस. तू स्वतः सोमवारीच का गेली नाहीस? हे मी तुला विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, गप रे. आणि मी गप बसलो असतो. तुझ्यामुळे माझ्या घरात एक मुलगी शाळेचे बूट उलटे घालून फिरते, हे मला रोज दिसतं, आणि ते दिसत असताना तुझ्यावर रागावणं कसं जमायचं तेही कळत नाही.

मानसीने बोलावलं म्हणून तुझ्या बाराव्यानंतर मी कांजूरला गेलो. घरात ती एकटीच होती. तुझ्या साड्यांचे ढीग खाटेवर होते. तिने मला पाणी दिलं, समोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, "राहुलदादा, मला सांग आईच्या अंगात काय काय झालं. सोपं करून नको. ती तुला सांगायची तसं सांग."

मी सांगितलं. काटा कातडीतून गेला तिथून सुरू केलं. कातडी हा पहिला अडथळा, तो फुटला. आतल्या पेशींना जंतूच्या खुणा सापडल्या, त्यांनी रसायनं सोडली, नळ्या रुंद झाल्या, लाल झालं. पांढऱ्या पेशी नळीच्या भिंतीला चिकटून फटीतून बाहेर गेल्या, गिळत गेल्या, मरत गेल्या. मगजाने नव्या पाठवल्या. मेंदूने ताप चढवला, कारण गरम अंगात जंतूंना वाढणं अवघड जातं. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं, मी म्हणालो, आई म्हणायची तसं काम चालू होतं. मग जंतू रक्तात गेले. जे एका अंगठ्यापुरतं व्हायचं ते अंगभर व्हायला लागलं. सगळ्याच नळ्या रुंद झाल्या, सगळ्याच पाझरायला लागल्या, म्हणून बीपी पडलं. शुगरमुळे पेशी आधीच सुस्त होत्या. मगज पुरा पडेना, तेव्हा त्याने कोवळ्या पाठवल्या, मग त्याही संपत आल्या.

ती नीट ऐकत होती. मधे एकदाच तिने विचारलं, "मग जंतूने मारलं की तिच्याच अंगाने?"

"दोघांनी," मी म्हणालो. "वेगळं करता येत नाही."

आणि मग माझ्याकडे फक्त बुधवार उरला होता. मी पाणी प्यायलो. मी म्हणालो, "मानसी, सव्वादहाला मी तिला स्लाइड ओके आहे असं लिहिलं. मी स्लाइड बघितली नव्हती. पावणेचारला बघितली. तिने जाताना विचारलं तेव्हा मी बघितली म्हणालो, कधी ते सांगितलं नाही."

खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. ती खाटेवरची एक साडी उचलून घडी घालायला लागली, घडी चुकली, परत उलगडली.

"मी रजा टाकली होती," ती म्हणाली.

"माहितीये."

"तिने चप्पल घातली होती, दादा. मी रिक्षा बघायला खाली गेले होते. वर आले तर ती फोन घेऊन उभी होती. म्हणाली, राहुलने बघितलंय, नॉर्मल आहे, तू कामाला जा. आणि चप्पल काढली." तिने साडी बाजूला ठेवली. "मला वाटत होतं मी तिला बळेच न्यायला हवं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की माझं चुकलं."

मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही."

"ते आता कळलं," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. "आज तू जा. मला काय वाटतंय ते मला माहीत नाही. मी बोलावेन तेव्हा ये."

त्याला नऊ दिवस झाले, ताई. तिचा फोन आलेला नाही. नाही आला तरी तिला दोष नाही. पण आला तर मी जाईन, आणि ती विचारेल ते सगळं परत सांगेन, वेळेसकट.